विनोदच्या नावाची सव्वा मूठ

माझी नोकरी लोकांच्या घरात डोकवायची होती. सत्तावीस वर्षं ती केली, पगार घेतला, वर त्याच लोकांच्या घरचा चहाही प्यायले. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, गमतीजमती खूप असतील तुमच्याकडे." आहेत. एक-दोन सांगतेही. पण ज्या घरासाठी मी लिहायला बसले आहे तिथे गंमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. फराळाची ताटली पुढ्यात घेऊन वाचणाऱ्यांनी नंतर मला बोल लावायला नको.

जळगावात एक शिक्षण निधी आहे. नाव लिहीत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय. गरीब घरातल्या मुलामुलींना कॉलेजच्या फीसाठी बिनव्याजी रक्कम द्यायची, आणि नोकरी लागली की त्यांनी ती हप्त्याहप्त्याने परत करायची, म्हणजे पुढच्या पोरांना मिळते. काम चांगलंच होतं. पण अर्ज यायचे ढीगभर आणि पैसे पुरायचे थोड्यांना. मग खरा गरजू कोण आणि नुसताच हुशार कोण, हे बघायला घरोघर जाणारं कोणीतरी लागायचं. ती मी. जळगाव आणि धुळे, दोन जिल्हे माझ्याकडे. आधी एसटी, मग स्कूटी, आणि गुडघे बोलायला लागल्यावर पुन्हा एसटी.

चौकशीचा फॉर्म चार पानी होता. घर कशाचं, छप्पर कशाचं, कमावते किती, खाणारे किती, डोक्यावर कर्ज किती आणि ते कशासाठी काढलं. शेवटच्या पानावर तळाशी एक चौकट, 'निरीक्षकाचे मत'. तीन ओळींची जागा. आधीची साडेतीन पानं समितीतलं कोणी वाचत नसे. पाच वडीलधारी माणसं शनिवारी बसायची, पान उलटून थेट तळाशी जायची. त्या तीन ओळींवर पोराचं किंवा पोरीचं काय व्हायचं ते ठरायचं. मला हे पहिल्या वर्षातच कळलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

या कामाचे माझे दोन नियम होते. एक, जायचं ते न कळवता. दुसरा, जे खरंच जाणून घ्यायचंय ते विचारायचं नाही, बघायचं. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. म्हणून मी पंख्याच्या पात्यांकडे बघायचे, दाराबाहेरच्या चपलांकडे बघायचे, पाणी कुठल्या भांड्यातून येतंय ते बघायचे. बाहेर पडले की गल्लीच्या तोंडाशी किराणावाला किंवा पिठाच्या गिरणीवाला गाठायचे. गिरणीवाल्याला गावातल्या प्रत्येक घराची भूक किलोत माहीत असते. त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की तहसीलदाराचा दाखला बघायची गरज राहत नाही.

चाळीसगावची गोष्ट सांगते. एकाच गल्लीत दोन अर्ज होते. मी आल्याची बातमी माझ्या आधी पोचली. पहिल्या घरात गेले तर कोपऱ्यात फरशीवर फ्रिजच्या पायांचे चार स्वच्छ चौकोन आणि बाकी सगळी धूळ. मी चहा प्यायले, फॉर्म भरला, उठले आणि तिसऱ्या घरात गेले, दुसऱ्या अर्जदाराकडे. तिथे कोपऱ्यात गोधड्यांचा उंच ढीग आणि ढिगाखालून घरघर आवाज. गोधडी उचलली तर खाली फ्रिज, आणि त्याच्यामागे आणखी एक. दोन्ही घरांतले बाप दारात उभे. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, एक माझा आहे, पण कोणता ते आता मलाही सांगता येत नाही." त्याला मी रक्कम मंजूर करवली. हसवलं म्हणून नाही, खरं बोलला म्हणून. दुसरा शेवटपर्यंत दोन्ही फ्रिज मेहुण्याचे म्हणत राहिला. आमच्याकडे खोट्या माहितीला माफी नव्हती. खोटं सापडलं की त्या घराचा अर्ज कायमचा बाद, आणि तो नियम मीच समितीला सुचवलेला होता.

सोनगीरची एक बाई मात्र माझ्यावर भारी पडली. मुलाच्या फीसाठी अर्ज, आणि त्याच वर्षी मुलीच्या लग्नाला मोठं कर्ज काढलेलं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "लग्न साधं केलं असतं तर मुलाची फी निघाली असती की." ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "साधं केलं असतं तर पोरीला सासरी रोज ऐकावं लागलं असतं. ते रोजचं ऐकणं तुमच्या कागदात कुठे लिहितात, मला दाखवा." मी फॉर्म मिटला. पण शनिवारी समितीपुढे मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसले. "यांना लग्नाला पैसा असतो, शिक्षणाला नसतो," अध्यक्ष म्हणाले आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आता लाज वाटते. कारण त्याच साली मी माझ्या मुलासाठी पुण्याच्या कॉलेजची फी भरायला भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले होते, आणि वर त्याला मोटारसायकल घेऊन दिली होती. मुलगा तिसऱ्या वर्षी कंटाळला आणि शिक्षण सोडून हॉटेलच्या धंद्यात पडला. माझ्या पंख्याची पाती बघायला कोणी आलं नाही. आलं असतं तर त्याने तीन ओळीत काय लिहिलं असतं, ते मी पैजेवर सांगू शकते.

आता ज्याच्यासाठी बसले ते.

लॉकडाऊन लागल्यानंतरचा दुसरा श्रावण. पारोळ्याच्या अलीकडे एका गावात जागृती नावाच्या मुलीचा अर्ज होता. बारावीला चांगले गुण, धुळ्याच्या एका कॉलेजात फार्मसीला नंबर लागलेला, पहिली फी भरायला पंधरा-वीस दिवस उरलेले. बाप भिकन आबा, जिनिंगमध्ये हमाल, म्हणजे कापसाच्या हंगामापुरता कामावर आणि नंतर मिळेल ते. आई इंदूबाई, दुसऱ्याच्या शेतात निंदणी-वेचणी. धाकटा भाऊ चेतन, आठवीत. फॉर्मवर कुटुंबातली माणसं चार.

मी गेले तो गुरुवार होता. येत्या रविवारी घरोघर कानबाई बसणार होती. आमच्या खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, असतात. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ मोजून घेतात. तान्हा मुलगा असला तरी त्याच्या नावाने घेतात. ते गिरणीवर वेगळं दळतात, गिरणीवाला त्यासाठी जातं धुऊन पुसून ठेवतो. बाईमाणसाच्या नावाने धान्य घेत नाहीत. आमच्या माहेरी दर वर्षी सहा जणांचं घ्यायचे, त्यात माझं नसायचं. तेव्हा त्यात मला काही वावगंही वाटायचं नाही.

घर नुकतंच चुन्याने रंगवलेलं. आबांनी मला पुढच्या खोलीत बसवलं, फॉर्मच्या प्रश्नांना उत्तरं दिली. बोलणं कमी, नजर जमिनीवर. "अजून कोणी घरातलं?" मी रिवाजाने विचारलं. "नही," ते म्हणाले. जागृती दाराला टेकून उभी होती. तिने पायाचा अंगठा फरशीवर घासला. हे मी टिपलं, कारण माझं कामच ते.

मधल्या दारातून आतली खोली दिसत होती. इंदूबाई पाटावर बसून सुपातले गहू परातीत घेत होत्या. आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून. प्रत्येक मुठीला नाव घेत होत्या, देवाचं काम म्हणून स्पष्ट.

"हाई यास्नी," पहिली मूठ, म्हणजे नवऱ्याची. वर चिमूट-चिमूट करून पाव मूठ. "हाई चेतननी." पुन्हा वर पाव मूठ. मग थोडं थांबून, तिसऱ्यांदा सुपात हात घातला. "हाई विनोदनी."

मी कान टवकारले. फॉर्मवर पुरुष दोन, परातीत तीन. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता यायचा नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या एखाद्या निरीक्षकाच्या हे डोक्यावरून गेलं असतं. मी खानदेशची लेक, मला कळलं. घरात अजून एक पुरुष आहे, आणि तो कागदावर नाही.

मी विचारलं नाही. नियमच होता माझा. चहा प्यायले, जागृतीला "अभ्यास कर हो" म्हटलं आणि निघाले. गिरणीवर थांबले. गिरणीवाला रोटाच्या दळणाच्या तयारीला लागलेला, जात्याचे दगड पुशीत होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "भिकन आबांचा विनोद कुठे असतो हल्ली?"

"सुरतले ना. मिलमा शे," तो म्हणाला. आमच्या भागातली अर्धी तरणी पोरं सुरतेला कपड्याच्या मिलमध्ये कामाला असतात, त्यामुळे त्याने ते मान वर न करता सांगितलं. कधीपासून, शेवटचा कधी आला होता, हे मी विचारलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

एसटीत बसूनच मी तीन ओळी लिहिल्या. 'मोठा मुलगा विनोद सुरत येथे मिलमध्ये नोकरीस. कुटुंबाने कमावता सदस्य लपवला. शिफारस नाही.' शनिवारी समितीने पान उलटलं, तळाशी बघितलं आणि अर्ज बाद केला. मी रोटाच्या मुठींची गोष्ट सांगितली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." मला ते कितीतरी दिवस पुरलं.

कारकुनाने माझ्याच ओळींवरून त्या घराला पत्र धाडलं. त्यात लिहिलेलं असे की तीस दिवसांत हरकत घेता येईल. हरकत घेणारे पुष्कळ असत. रडत येत, भांडत येत, सरपंचाला घेऊन येत. या घरातून कोणी आलं नाही. तेव्हा माझी खात्रीच पटली. खोटं नसतं तर गप्प बसले असते का, असं मी कारकुनाला म्हणालेही होते.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. भाषणात कोणीतरी म्हणालं, मॅडमच्या नजरेतून काही सुटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या आहेराची खरेदी करायला पारोळ्याला गेले होते. कपड्याच्या दुकानात गल्ल्यापलीकडे एक मुलगी गजाने ब्लाउजपीस मोजत होती. तिने माझ्याकडे बघितलं, कापड खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही निधीच्या मॅडम ना? मी जागृती. भिकन आबांची."

मला ओळख पटायला वेळ लागला. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "फार्मसी झाली का गं?"

"नाही. जागा गेली. मग इथे लागले." रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने साधंच सांगितलं. मग म्हणाली, "आईला तुम्हाला भेटायचंय. केव्हाची म्हणतेय. घरी याल का?" तिने बिलाच्या पाठीमागे नंबर लिहून दिला. "पण यायच्या आधी मला फोन करा, मॅडम. नक्की करा."

मी फोन केला नाही. मुद्दाम नाही केला असंही नाही. सत्तावीस वर्षांची सवय, जायचं ते न कळवता. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, कळवलं तर सगळं घर माझ्याशी भांडायच्या तयारीने बसेल. मी माझी तयारी करून गेले. नियम कसा होता, माहिती लपवली की काय होतं, हे सगळं मनात घोळवत दुपारच्या एसटीने गेले.

जागृती दुकानावर होती. भिकन आबा ओट्यावर बसलेले, पार खंगलेले. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. तेवढ्यात इंदूबाई बाहेर आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की मनात घोळवलेलं सगळं जागच्या जागी राहिलं. माझा हात धरून त्यांनी मला आत नेलं. माहेरचं माणूस आल्यासारखं.

"अक्का, किती वाट दखी तुमनी," त्या म्हणाल्या. फळीवरचा डबा काढला, त्यातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून कागद. आमच्या निधीचं पत्र. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. ती चिकटपट्टीही पिवळी पडलेली. त्यांनी बोट ठेवलं ती ओळ माझीच होती, कारकुनाच्या भाषेत. आपला ज्येष्ठ पुत्र विनोद सुरत येथे मिलमध्ये नोकरीस असल्याचे चौकशीत आढळून आले आहे.

"तुम्ही चौकशी करीसन लिखेल शे," इंदूबाई म्हणाल्या. "मी हाई कागद लीसन तीन दाव सुरतले गयू. एक बी मिलवाला सांगत नही. आते तुम्हीच सांगा अक्का, मन्हा विनोद कोठे शे? कोणती मिल?"

तो कागद घेऊन ही बाई तीनदा सुरतेला जाऊन आली होती, मला काही कळेना. मग त्यांच्याच बोलण्यातून थोडं थोडं कळत गेलं. विनोद मोठा. त्याला जळगावात डिप्लोमाला घातलं होतं, आबांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज उचललं होतं. दुसऱ्या वर्षात त्याने मध्येच सोडलं, मला यातलं काही कळत नाही म्हणाला. आबांनी हात उगारला. ज्याच्यासाठी मी कर्ज केलं त्याला शिकायचं नसेल तर त्याने या घरात पाय ठेवू नये, असं म्हणाले. तो त्याच दिवशी सुरतेला गेला. आईला फोन यायचे, आबांपासून लपून. लॉकडाऊन लागलं आणि फोन बंद झाला. सोबतची गावची पोरं चालत परत आली. त्यांच्यात हा नव्हता. नंतर कोणी म्हणालं वापीला गेला, कोणी म्हणालं आजारी होता, कोणी काहीच म्हणालं नाही. आबांनी त्याचं नाव घेणं सोडलं होतं, म्हणून फॉर्मवरही घेतलं नाही. मी गेले त्या श्रावणात त्याचा फोन बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं.

आणि मग माझं पत्र आलं. संस्थेच्या छापील कागदावर, शिक्का मारलेलं. पोरगा नोकरीला आहे असं लिहिलेलं.

इंदूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या आशेने कोणी माझ्याकडे आयुष्यात बघितलं नव्हतं, माझ्या मुलानेसुद्धा नाही. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. एखादी शहाणी बाई म्हणाली असती, मला आठवत नाही, जुनी गोष्ट, कारकुनाला विचारून सांगते. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्याला शिक्षा देत आलेली. मला वाटलं, निदान आता तरी या बाईशी खरं बोलावं. तिचं एवढं देणं लागते मी.

"मी सुरतेला गेले नव्हते, इंदूबाई," मी म्हणाले. "मी त्याला बघितलं नाही. मला काहीच माहीत नाही. तुम्ही त्या दिवशी रोटाचं धान्य घेत होतात. त्याच्या नावाची मूठ घेतली, ती मी ऐकली. गिरणीवाला म्हणाला सुरतेला असतो. तेवढ्यावरून लिहिलं. माझं चुकलं. मला माफ करा."

त्यांनी पत्राकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"मन्ही मूठ दखीसन लिखं तुम्ही?"

मी हो म्हणाले.

त्यांनी पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवलं, पिशवी डब्यात. झाकण लावलं आणि उठून चुलीकडे गेल्या. माझ्याकडे पाठ करून भांडी काढायला लागल्या.

मी बाहेर ओट्यावर आले. तिथे बसवेना आणि निघून जाववेना. भिकन आबांनी सगळं ऐकलं होतं. ते हळू म्हणाले, "जागू बोलनी नही का तुम्हाले? फोन कराले सांगेल व्हतं ना तिनी."

"कशासाठी ते नव्हतं सांगितलं."

"यानासाठीच," आबा म्हणाले. मग तुटक तुटक बोलत राहिले. पत्र आलं तेव्हाच त्यांना कळलं होतं की यात काही दम नाही. जळगावच्या ऑफिसातलं कोणी सुरतेच्या मिलीत पोरगा शोधायला जाणार नाही, एवढं हमालालाही समजतं. जागृतीने त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज लिहिला होता, भाऊ बेपत्ता आहे, तो कमावता नाही, असा. पण सव्वा वर्ष नीट न जेवलेली इंदूबाई त्या दिवशी ते पत्र मांडीवर घेऊन भाकरी खायला बसली. दोन भाकरी खाल्ल्या. हरकत घ्यायची म्हणजे पत्र खोटं आहे हे तिच्या देखत म्हणायला लागलं असतं.

"मी पोरले सांगं, बेटा, राहू दे," आबा म्हणाले. "तिनी अर्ज फाडी टाका. फीनी तारीख निंघी गयी."

म्हणजे त्यांच्या ज्या गप्प बसण्याला मी गुन्हा कबूल करणं समजत होते ते हे होतं. अठरा वर्षांच्या मुलीने आईच्या दोन भाकऱ्यांसाठी कॉलेज सोडलं होतं. एवढी वर्षं आबा, जागृती आणि चेतन, तिघांनी मिळून ते खोटं जिवापाड सांभाळलं, आणि मी दुपारच्या एसटीने, न कळवता, येऊन ते मोडलं. पहिल्यांदा मी न विचारता लिहिलं आणि दुसऱ्यांदा न विचारता बोलले. माझ्या कामाची एवढीच काय ती हुशारी होती.

इंदूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्या हातात दिला. डोळे कोरडे होते, आवाजही रोजच्यासारखा. माझ्या शेजारी खाली बसल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमनी चूक नही, अक्का," त्या म्हणाल्या. "मीच त्यानं नाव जोरमा लिधं. मनमा लेवाले पाहिजे व्हतं. पोरनं कॉलेज मन्हामुळे गयं."

मी त्यांना नाही म्हणाले. दोनदा, तीनदा म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदराने माझ्या कपाखाली सांडलेला चहा पुसला. आबा रस्त्याकडे बघत बसले होते. पाचच्या गाडीने जागृती येणार होती, आणि तिला हे कोण सांगणार, याचा आम्ही तिघंही विचार करत होतो.